दरबारातला साधू कसा मोजावा?

रासपुतीनचे नाव निघाले की वाचक दोन प्रश्न हमखास विचारतात. त्या आजारी राजपुत्राला त्याने खरोखर बरे केले होते का? आणि दिमतीला उत्तमोत्तम डॉक्टर असलेला रशियाचा झार एका खेडुताच्या नादी लागलाच कसा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते विचारताना आपण नकळत असे धरून चालतो, की ही गोष्ट दूरच्या बर्फाळ देशातल्या राजवाड्यातली आहे आणि आपल्याकडे तसे काही घडलेले नाही. आपल्याकडेही छत्रपती, पेशवे आणि आरमाराचे सरदार ज्यांच्या आशीर्वादासाठी आणि पैशासाठी हात जोडून उभे राहत, असे एक संन्यासी अठराव्या शतकात होऊन गेले. त्यांचे नाव ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर. कोणी त्यांना पेशवाईचे राजगुरू म्हटले, कोणी भगव्या वस्त्रातला सावकार म्हटले. या प्रकरणात त्यांचे आयुष्य पाहायचे आहे आणि त्याच्या आधारे एक रीत शिकायची आहे. राजाच्या दारातल्या साधूला चमत्काराच्या तराजूत घातले तर वजन कधीच नीट कळत नाही. ते कळते दरबाराची गरज काय होती आणि त्या साधूला ‘नाही’ म्हणू शकणारे कोण होते, या दोन मापांनी.

१. देहूरोडच्या भोवती तीन वाटा

सुरुवात मावळातूनच करू. देहूरोड म्हटले की लष्कराचा दारूगोळा डेपो, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि लोकलचे स्थानक डोळ्यांपुढे येते. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणून २५ डिसेंबरला इथे मोठी गर्दी होते. पण नकाशा जरा मोठा करून पाहिला तर हे स्थानक एका जुन्या प्रश्नाच्या मधोमध उभे असल्याचे दिसते. काही किलोमीटरवर इंद्रायणीकाठी तुकोबांचे देहू आहे. लोकलने पुण्याच्या दिशेला निघाले की आकुर्डीनंतर मोरया गोसावींचे चिंचवड येते. लोणावळ्याच्या दिशेला निघाले की बेगडेवाडी आणि घोरावाडीनंतर सेनापती दाभाड्यांचे तळेगाव येते. साधूने राजापासून किती अंतर ठेवावे, हा तो प्रश्न. त्याची दोन उत्तरे आणि प्रत्यक्ष सत्तेचे एक घर या एवढ्याशा टापूत सापडतात.

देहूचे उत्तर सर्वांना पाठ आहे. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असे वारकरी परंपरा सांगते. राजाकडून काही घ्यायचे नाही, म्हणजे त्याच्या दारात उभेही राहावे लागत नाही. चिंचवडचे उत्तर निराळे होते. मोरया गोसावींच्या घराण्यात गणपतीचा अंश पिढ्यान् पिढ्या उतरतो, अशी श्रद्धा रूढ झाली. गादीवरच्या पुरुषाला ‘देव’ म्हणत, लोक दर्शनाला आणि आपल्या दुखण्याखुपण्यासाठी येत. राजसत्तेने या संस्थानाला इनामे दिली, त्यावर देवळे आणि अन्नछत्रे चालली. एडवर्ड मूर हा इंग्रज अधिकारी १८०० साली चिंचवडला गेला आणि या जिवंत देवाच्या परंपरेवर त्याने निबंध लिहिला. इथे राजा देतो आणि साधू घेतो. तळेगावात तर प्रत्यक्ष सत्ताच राहत होती; खंडेराव दाभाडे, त्रिंबकराव, उमाबाई ही सगळी तलवारीची माणसे. ब्रह्मेंद्रस्वामी यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. त्यांनी राजाकडून घेतले आणि राजालाच कर्जाऊ परत दिले. पैशाची धार अशी उलटी वाहू लागली की साधू आणि दरबार यांचे नाते समूळ बदलते. हा बदल समजला की पुढचे सगळे सोपे होते.

२. दुधेवाडीचा विष्णू, धावडशीचे स्वामी

परंपरेप्रमाणे स्वामींचा जन्म १६४९ च्या सुमारास वऱ्हाडातल्या राजूरजवळच्या दुधेवाडीत झाला. म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या जवळपासचा हा काळ. घरचे नाव विष्णू. तरुणपणी घर सोडून ते काशीला गेले, ज्ञानेंद्र सरस्वतींकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि ब्रह्मेंद्र हे नाव धारण केले. तीर्थाटन करीत ते कोकणात उतरले आणि चिपळूणजवळच्या परशुरामाच्या डोंगरावर तपाला बसले. गुराख्यांपासून सुरू झालेली त्यांची कीर्ती हळूहळू किल्लेदारांपर्यंत आणि आरमारापर्यंत गेली. पुढे पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ त्या काळी चिपळूणच्या बाजूला मिठागराच्या कामावर होते; तेव्हापासूनच त्या घराण्याची स्वामींवर भक्ती जडली. आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे त्यांना मानत. कान्होजींचे हाडवैरी असलेले जंजिऱ्याचे सिद्दीही त्यांना मानत, आणि पेढे, आंबडस ही गावे देवस्थानाकडे आली ती याच मानापोटी. एकमेकांचे गळे धरणारे दोन पक्ष एकाच माणसापुढे वाकतात, ही गोष्ट मनात ठेवावी. स्वामींच्या पुढच्या वजनाचे मूळ तिथे आहे.

त्यांच्या कीर्तीचा गाभा होता श्रावणातली समाधी. दरवर्षी श्रावण लागला की स्वामी गुहेत किंवा भुयारात स्वतःला कोंडून घेत आणि महिनाभराने बाहेर येत. या काळात अन्न वर्ज्य, असे भक्त मानत. बाहेर आल्यावर दर्शनाला झुंबड उडे. १७२७ नंतर त्यांनी कोकण सोडले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने साताऱ्याजवळच्या धावडशीला मुक्काम केला. तिथून त्यांनी छत्रपती, पेशवे, आंगऱ्यांचे घराणे आणि कितीतरी सरदार-सावकारांशी अखंड पत्रव्यवहार ठेवला. देवळे बांधली, विहिरी खोदवल्या. १७४५ च्या पावसाळ्यात धावडशीलाच त्यांचे देहावसान झाले. समाधी तिथेच आहे. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव आणि नानासाहेब अशा तीन पेशव्यांनी ज्यांना गुरुस्थानी मानले, असे हे दीर्घायुषी पुरुष.

३. ‘गुण आला’ म्हणजे काय झाले?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू, कारण सिद्धपुरुषाचा दरबारात प्रवेश बहुधा दुखण्याच्या दारातून होतो. अठराव्या शतकातल्या राजवाड्यात आणि झोपडीत एका बाबतीत फरक नव्हता: देवी, हिवताप, क्षय, बाळंतरोग यांच्यापुढे दोघेही सारखेच हतबल. बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा आयुष्यभर प्रकृतीने नाजूक राहिले आणि ऐन उमेदीत १७४० साली गेले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७७२ साली थेऊरच्या गणपतीच्या पायाशी क्षयाने देह ठेवला, तेव्हा ते जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. म्हणजे माधवरावांच्या मृत्यूनंतर जवळपास पावणेदोनशे वर्षे वैद्याकडे खात्रीचे काही नव्हते. अशा वेळी अंगारा, प्रसाद आणि आशीर्वाद मागणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्या हातात जे उरले आहे ते तो धरतो.

पण मग गुण कसा येतो? इथे एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागते. बहुतेक दुखणी चढतात, टोकाला जातात आणि उतरतात. माणूस देवऋषीकडे पहिल्या दिवशी जात नाही. सगळे उपाय थकले, ताप टोकाला गेला, की जातो. समजा, शंभर मुलांना ताप आला आणि त्यातल्या ऐंशींचा ताप आठवडाभरात आपोआप उतरणार आहे. सगळ्यांना पाचव्या दिवशी अंगारा लावला, तरी ऐंशी मुले बरी होतीलच. त्या ऐंशी घरांत आयुष्यभर अंगाऱ्याची कीर्ती गायली जाईल. उरलेल्या वीस घरांत मात्र ‘आमचेच नशीब’ म्हणून लोक गप्प बसतील. पावती फक्त यशाची फाटते, अपयशाची वहीच नसते. या एकतर्फी हिशेबातून जगातल्या कितीतरी चमत्कारांचा जन्म होतो आणि त्यात कोणी खोटे बोललेले असावे लागत नाही.

हाच नियम रासपुतीनला लावून पाहू. झारचा मुलगा अलेक्सेई १९०४ साली जन्मला आणि त्याला हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या रक्तात अपुरा होता. साधा मुका मार लागला तरी आतल्या आत रक्तस्राव चालू राही. रासपुतीन हा सायबेरियातल्या पोक्रोव्स्कोये गावचा शेतकरी, १९०५ साली राजदांपत्याला भेटला. १९१२ च्या शरद ऋतूत पोलंडमधल्या स्पाला इथे मुलाची अवस्था इतकी बिघडली की अंतकाळचे धार्मिक विधीही झाले. आईने सायबेरियात तार केली. मूल मरणार नाही, डॉक्टरांनी त्याला फार त्रास देऊ नये, या आशयाचे उत्तर आले आणि त्यानंतर रक्तस्राव थांबला. यात काय घडले असेल? रक्त साचून आतला दाब वाढला की असा स्राव अनेकदा आपोआप मंदावतो; तार आली ती दुखणे टोकाला गेल्यावर. डॉक्टरांची तपासणी थांबल्याने दुखऱ्या भागाला विश्रांती मिळाली असणेही शक्य आहे. ॲस्पिरीन त्या काळी नवे होते आणि ते रक्त गोठू देत नाही, म्हणून रासपुतीनच्या सल्ल्याने ते बंद झाले असावे, असा अंदाज काहीजण करतात. मात्र अंदाजाला पुरावा समजू नये. एवढे खरे, की सल्ला योगायोगाने शहाणपणाचा ठरला. धीर सुटलेल्या आईला धीर आला आणि त्या एका घटनेने तिची पुढची सगळी वर्षे बांधली गेली.

श्रावणातल्या समाधीलाही हाच विचार लावता येतो. निरोगी माणूस पाण्यावर कित्येक आठवडे काढू शकतो. जैन परंपरेत महिनाभराच्या उपवासाला मासक्षमण म्हणतात आणि आजही माणसे ते करतात. त्यामुळे महिनाभर अन्नावाचून राहणे मानवी शक्तीबाहेरचे नाही, कठोर साधना मात्र आहे. स्वामींनी ती केली असेल तर तिला दाद द्यावी. पण उपवास सहन करण्याची शक्ती आणि राज्यकारभाराचा सल्ला देण्याची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचा निष्कर्ष काढणे म्हणजे उत्तम पोहणाऱ्याला नांगर चांगला धरता येईल असे मानणे.

४. दरबाराला काय हवे होते?

चमत्काराने दार उघडते, पण आत टिकून राहायला काहीतरी पुरवावे लागते. रासपुतीनने एकच गोष्ट पुरवली: एका आईला धीर. ब्रह्मेंद्रस्वामींनी पुरवलेल्या गोष्टी अनेक होत्या आणि त्यांत सर्वांत मोठी होती रोकड.

हे समजायला मराठी मोहिमेचा जमाखर्च पाहावा लागतो. दसऱ्याला सैन्य बाहेर पडायचे. त्यापूर्वी शिलेदारांना, म्हणजे स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येणाऱ्या स्वारांना, काही रक्कम हातावर ठेवावी लागे. दाणागोटा आणि बारूद भरावी लागे. उत्पन्न मात्र चौथाईतून आणि खंडणीतून यायचे, तेही मोहीम साधली तर आणि कित्येक महिन्यांनी. समजा, आज एक लाख रुपये लागणार आणि वर्षभराने दीड लाख येणार. मधल्या वर्षाचे काय? हे वर्ष सावकाराच्या खांद्यावर जायचे. दरमहा शेकडा एक रुपया व्याज धरले तरी वर्षाला लाखावर बारा हजार. मोहिमेत वसुली कमी पडली की मुद्दल राहिली बाजूला, व्याजच फिटेना. त्यात पुढच्या दसऱ्याला नवी मोहीम. बाजीराव रणांगणावर सहसा हरले नाहीत, पण या चक्रातून ते कधी सुटले नाहीत. सावकारांच्या तगाद्याने आपल्याला नरकयातना भोगाव्या लागत आहेत, या आशयाची त्यांची पत्रे धावडशीच्या स्वामींना गेलेली आहेत. ग्रँट डफनेही १८२६ च्या आपल्या इतिहासात त्यांची दखल घेतली. ज्यांच्याकडे हे दुःख सांगितले, ते स्वामी स्वतःही पेशव्यांचे धनको होते. नजराणे, गावांचे उत्पन्न, भिक्षा यांतून त्यांच्याकडे पैसा साचत होता आणि तो ते कर्जाऊ देत होते.

दुसरी गोष्ट विश्वास. कागद, निरोप किंवा ठेव शत्रूच्या मुलखातून सुखरूप नेईल असा माणूस त्या काळी दुर्मीळ होता. संन्याशाला घाट आणि चौक्या मोकळ्या असत. ज्याला आंग्रे आणि सिद्दी दोघेही मान देतात, त्याच्याकडे दोन्हीकडच्या बातम्या येतात. कान्होजी १७२९ साली गेल्यावर आंगऱ्यांच्या घरात भाऊबंदकी पेटली, तेव्हा घरातली माणसे स्वामींकडे गाऱ्हाणी नेत होती. गावातला एखादा वडीलधारा माणूस दोन भांडणाऱ्या भावांना ओसरीवर बसवतो, तसेच हे काम होते. फक्त ओसरी मोठी आणि भाऊ आरमारवाले. तिसरी गोष्ट मानाची. कोकणातून आलेले पेशव्यांचे घराणे साताऱ्याच्या दरबारात नवे होते. जुन्या सरदारांपुढे उभे राहताना एका थोर तपस्व्याचा वरदहस्त पाठीशी असणे या नव्या घराण्याला फार मोलाचे होते. रोकड, विश्वास आणि मान यांची बेरीज केली की धावडशीच्या मठाकडे इतके घोडेस्वार का धावत होते, ते कळते. त्यासाठी चमत्कार मानावाही लागत नाही आणि पेशव्यांना भोळे ठरवावेही लागत नाही.

५. हत्ती, देऊळ आणि सहा वर्षे

आता दुसरे माप. स्वामींची इच्छा हा राज्याचा हुकूम होता का? हे तपासायला इतिहासाने एक चोख उदाहरण ठेवले आहे. सावनूरच्या नवाबाकडून जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंजनवेलचा अंमलदार सिद्दी सात याच्याकडे एक हत्ती निघाला होता. वाटेत आंगऱ्यांच्या माणसांनी तो अडवला. यात स्वामींचा हात आहे असा संशय सिद्दी सातला आला आणि फेब्रुवारी १७२७ मध्ये, महाशिवरात्रीच्या सुमारास, त्याने परशुरामाच्या देवस्थानावर हल्ला करून ते उद्ध्वस्त केले. देव फोडला, खजिना लुटला, सेवेकऱ्यांचे हाल केले. स्वामींच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा आघात. सिद्दीला शासन व्हावे म्हणून त्यांनी छत्रपतींपासून आंगऱ्यांपर्यंत सर्वांचा पिच्छा पुरवला.

पुढच्या तारखा नीट पाहाव्यात. १७२८ साली बाजीराव पालखेडला निजामाशी झुंजत होते. १७२९ साली ते बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला होते. १७३१ च्या एप्रिलमध्ये डभईला त्यांची गाठ तळेगावच्या त्रिंबकराव दाभाड्यांशी पडली आणि त्रिंबकराव मारले गेले. मावळातल्या या मानी घराण्याचे दुःख शांत करण्यासाठी शाहू महाराजांनी त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंची समजूत घातली आणि धाकट्या यशवंतरावांना सेनापतिपद दिले. जंजिऱ्यावर मोहीम निघाली ती १७३३ साली, जेव्हा तिथला प्रमुख सिद्दी वारला आणि वारसांत भांडण जुंपले. म्हणजे स्वामींचा टाहो सहा वर्षे हवेत राहिला आणि राजकीय संधी येताच फौज हलली. त्या वर्षी रायगड परत मिळाला, पण जंजिरा पडला नाही. सिद्दी सात चिमाजी अप्पांच्या हातून एप्रिल १७३६ मध्ये, रेवसच्या बाजूच्या लढाईत मारला गेला. ज्या अंजनवेलीवरून हा हल्ला झाला, ती तुळाजी आंगऱ्यांनी १७४५ साली घेतली, म्हणजे स्वामींच्या शेवटच्या वर्षी, अठरा वर्षांनी.

हे पाहिल्यावर स्वामींचा शब्द म्हणजे हुकूम होता असे म्हणता येत नाही. त्यांचा आग्रह अनेक दाबांपैकी एक दाब होता. निजाम, बुंदेले, गुजरात, साताऱ्यातले प्रतिनिधी, तिजोरीतला खडखडाट, यांतून वाट काढत निर्णय होत होते आणि ते करणारी माणसे कर्ती होती. याच्या शेजारी रशिया ठेवावा. १९१५ साली झार स्वतः आघाडीवर गेला आणि राजधानीतला कारभार राणीकडे आला. राणीचा विश्वास एकाच माणसावर, आणि १९१६ च्या आरंभापासून सव्वा वर्षाच्या आत रशियाच्या पंतप्रधानपदावर चार माणसे बसली. रासपुतीनच्या शिफारशी चालत होत्या, कारण त्यांना अडवणारी खुर्चीच रिकामी होती. शिवाय राजपुत्राचे दुखणे प्रजेपासून लपवलेले होते. हा साधू राजवाड्यात का येतो हेच लोकांना ठाऊक नसल्याने रिकामी जागा अफवांनी भरली आणि राणीची अब्रू गेली. डिसेंबर १९१६ मध्ये सरदारांनी त्याचा खून केला, तरी काही महिन्यांत राजवट कोसळली. युद्ध आणि अन्नटंचाई ही तिची मोठी कारणे. पण राजावरचा विश्वास आधीच पोखरला गेला होता.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप श्रद्धावंतांचा. एका तपस्व्याला जमाखर्चात उतरवणे हा त्याचा अवमान नाही का? वसईच्या लढाईतली माणसे स्वामींच्या आशीर्वादाने लढली, त्या बळाचे काय? या म्हणण्यात तथ्य आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा चिमाजी अप्पांनी त्या घनघोर युद्धाची हकिगत स्वामींना लिहिली. भक्ती नसती तर रणातून असे पत्र आले नसते. श्रद्धेने माणूस टिकाव धरतो. पण वसईच्या तटाखाली सुरुंग पेरले ते माणसांनी आणि हजारो जीव गेले तेही माणसांचे. आशीर्वादाला धीराचे श्रेय जरूर द्यावे, विजयाचे श्रेय मेलेल्यांकडून काढून घेऊ नये.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. संन्याशाने कर्ज द्यावे, वसुलीसाठी रागावावे, गावे आणि वस्तू मागाव्यात, हे ढोंग नव्हे काय? हा वाद मराठी इतिहासलेखनात शंभरावर वर्षे जुना आहे. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी स्वामींचे चरित्र आणि पत्रे छापून त्यांना राष्ट्रगुरूच्या पंक्तीला बसवले. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी आपल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या तिसऱ्या खंडात त्याच पत्रव्यवहारावरून स्वामींची रामदासांशी तुलना करून त्यांना फार खालची जागा दिली. कागद तेच, निकाल दोन टोकांचे. मला राजवाड्यांचे निदान अर्धे मान्य आहे. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाने धनको होणे हा त्या व्रताचा भंगच आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण व्रतभंग म्हणजे लबाडी नव्हे. तो पैसा विहिरी, देवळे आणि मोहिमा यांत फिरला. साठवलेले पाणी पाटाने शेताला गेले तर त्याला डबके म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकाचा: ही पत्रे बहुतांशी स्वामींनाच लिहिलेली, तेव्हा त्यांत स्वामींचा मोठेपणा फुगलेला असणारच. बरोबर. म्हणून पत्र वाचताना त्याचे दोन भाग करावेत. मायना, नमस्कार, कृपेची याचना हा भाग रीतीचा. त्यावरून प्रभाव ठरवू नये. कर्जाचा आकडा, उशिराबद्दलची सबब, मागितलेली वस्तू, केलेली तक्रार हा भाग व्यवहाराचा. कोणीही कोणाला खूश करण्यासाठी ‘मी तुमचे देणे लागतो’ असे लिहीत नाही. हा दुसरा भाग जितका स्वच्छ, तितका आपला निकाल पक्का.

७. निकाल

तर ब्रह्मेंद्रस्वामी कोण होते? रामदासांसारखे लोकशिक्षक ते नव्हते आणि रासपुतीनसारखे राज्याला लागलेली कीडही नव्हते. कठोर साधनेने लोकांचा विश्वास मिळवलेला, त्या विश्वासावर पैसा आणि मध्यस्थी उभी केलेला, रागीट पण उपयोगी असा तो धनको संन्यासी होता. त्यांच्यामुळे राज्य बुडाले नाही याचे श्रेय त्यांच्या पुण्याईपेक्षा शाहू महाराज, बाजीराव आणि चिमाजी अप्पा यांच्या कण्याला जाते. पायावर डोके ठेवूनही आपले डोके वापरणारी ती माणसे होती. आणि व्यवहार कागदावर होता, म्हणून आज आपण त्यांना न्याय देऊ शकतो. साधू किती सिद्ध आहे यापेक्षा त्याच्या भोवतीची माणसे किती सावध आहेत, यावर घराचे आणि राज्याचे भले ठरते.

राजे गेले, पण दरबार घरोघर आहेत. ज्या घरात एखादे मूल महिनोन् महिने आजारी आहे, ते घर स्पालाच्या राजवाड्याइतकेच अगतिक असते. मावळात भाताच्या खाचरात पाय टाकणाऱ्याला साप चावतो, तेव्हा त्या घरातही तीच घालमेल होते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याने देवपूजा, वारी, नवस यांना हात लावलेला नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. म्हणून प्रत्येक कुटुंबाला एवढेच सांगणे आहे. श्रद्धा असेल त्याच्या पाया पडा, मनाला धीर येत असेल तर प्रसाद घ्या. पण आपली गरज नेमकी काय आहे ते स्वतःला विचारा, व्यवहार असेल तर तो लिहून ठेवा आणि ‘नाही’ म्हणू शकणारे एक माणूस घरात असू द्या. आजाऱ्याला मात्र आधी दवाखान्यात न्या.